फाराबीच्या नगरातले सहा जण

आपल्या समाजाच्या कोणत्याही सभेला जा, जलशाला जा, शिक्षण परिषदेला जा, एक वाक्य हमखास कानी पडते : कौमला आज एका नेत्याची गरज आहे. वक्ता बदलतो, गाव बदलते, मंडपवाला बदलतो. वाक्य तेच राहते. टाळ्याही त्याच वाक्याला पडतात. आम्हीही पुष्कळ वर्षे त्या टाळ्यांत सामील होतो. मग केव्हातरी अबू नसर फाराबीच्या पुस्तकातले एक पान वाचनात आले आणि टाळीसाठी उचललेले हात जरा थांबले. त्या एका पानाविषयी हा लेख आहे.

फाराबीचे नाव आपल्याकडे आदराने घेतले जाते, वाचले मात्र जात नाही. 'मुअल्लिम-ए-सानी', म्हणजे दुसरा गुरू, पहिला अरस्तू, एवढे सांगून आपण पुढे जातो. बी.एड.च्या वर्षी आम्ही प्लेटो पाठ केला, रूसो पाठ केला, फ्रोबेल, मॉन्टेसरी, ड्यूई सगळे पाठ केले. 'प्लेटोच्या मते शिक्षणाची उद्दिष्टे' हा प्रश्न आजही कोणी झोपेतून उठवून विचारला तरी सोडवू. त्या यादीत फाराबी नव्हता. याची तक्रार करायची नाही. यादीत नसलेली माणसे आपली आपण वाचायची असतात. पण झाले असे की, फाराबीकडे आम्ही प्लेटोच्या खिडकीतूनच पाहत राहिलो. प्लेटोने तत्त्वज्ञ राजा सांगितला आणि फाराबीने त्याला अरबी अंगरखा चढवला, असे आम्ही वर्गातही एकदा सांगून मोकळे झालो होतो. ते चूक होते. कसे चूक होते, ते त्या पानावरच कळते.

पुस्तकाचे नाव 'आराउ अहलिल मदीनतिल फाज़िला', म्हणजे उत्तम नगरातील रहिवाशांची मते. उर्दूत सुटसुटीतपणे 'मदीना-ए-फाज़िला' म्हणतात. फाराबीचा जन्म इ.स. ८७० च्या सुमारास मध्य आशियातला, उमेदीची वर्षे बगदादमधली, मृत्यू दमिश्कला हिजरी ३३९ मध्ये, म्हणजे इ.स. ९५० च्या अखेरीस. त्याला तर्कशास्त्र शिकवणारा युहन्ना बिन हैलान ख्रिस्ती होता आणि त्याचा नामांकित शागीर्द यहया बिन अदी हाही ख्रिस्तीच. इब्ने अबी उसैबिआ सांगतो की, हे पुस्तक फाराबीने बगदादला लिहायला घेतले, हिजरी ३३० च्या शेवटी ते बरोबर घेऊन तो शामकडे निघाला आणि हिजरी ३३१ मध्ये (इ.स. ९४२-४३) दमिश्कला पुरे केले. हस्तलिखित खांद्यावर टाकून माणूस बगदाद का सोडतो, हे त्या वर्षांचा इतिहास उघडला की समजते. इ.स. ९३२ मध्ये खलिफा मुक्तदिर मारला गेला. त्याच्यानंतरच्या काहिरला ९३४ मध्ये पदच्युत करून आंधळे केले. ९३६ मध्ये 'अमीर-उल-उमरा' नावाचे पद निघाले आणि खऱ्या सत्तेच्या किल्ल्या सेनापतींच्या कमरेला गेल्या. पुस्तक पुरे झाल्यावर लवकरच, ९४४ मध्ये, खलिफा मुत्तकीचेही डोळे गेले, आणि ९४५ मध्ये बुवैही फौजा बगदादमध्ये शिरल्या. एका माणसावर सगळे राज्य टांगले की दोरी कशी तुटते, हे फाराबीला ग्रीक ग्रंथांतून शिकायची गरज नव्हती.

अशा काळात लोक बलदंड सुलतानाची वाट पाहतात. फाराबीने एक नगर कल्पिले. या नगराला नाव नाही, वेस नाही, बाजार नाही, एकाही रहिवाशाचे नाव आपल्याला कळत नाही. गोष्ट म्हणून वाचायला घेतले तर पुस्तक कोरडे आहे. अर्धे पुस्तक तर विश्वाच्या रचनेत आणि मानवी देहाच्या वर्णनात जाते, मग कुठे नगर दिसू लागते. आम्ही पहिल्यांदा वाचले तेव्हा ती पाने सरळ उलटली होती. ते अंगलट आले, कारण नगराची सगळी कल्पना त्या देहाच्या प्रकरणावर उभी आहे.

फाराबी म्हणतो, उत्तम नगर हे निरोगी शरीरासारखे असते. शरीरात एक अवयव सर्वांत श्रेष्ठ : हृदय. ते आधी निर्माण होते आणि बाकीच्या अवयवांच्या असण्याला, त्यांच्या क्रमाला तेच कारण होते. त्याच्या खाली दुसऱ्या दर्जाचे अवयव, त्यांच्या खाली तिसऱ्या, असे करत शेवटी केवळ सेवा करणारे. नगरात हृदयाच्या जागी पहिला रईस. हा साधा राजा नव्हे. त्याच्या ठायी हिकमत आहे आणि वह्यही आहे. तो फिलसूफ आहे आणि नबीही. त्याच्या अंगी जन्मजात बारा गुण हवेत : सुदृढ अवयव, चांगली समज, स्मरणशक्ती, तल्लख बुद्धी, वाणी, विद्येची आवड, सत्याची ओढ, खाण्यापिण्यावर आणि वासनेवर ताबा, मोठे मन, दिरहम-दिनारांची बेपर्वाई, न्यायाचे प्रेम, निर्धार. यादी वाचताना शिक्षकभरतीच्या जाहिराती आठवतात. सगळ्या अटी पुऱ्या करणारा उमेदवार असेल तर तो या जागेला अर्ज कशाला करील! फाराबीलाही हे ठाऊक आहे. एवढे सगळे एका माणसात येणे कठीण, असा माणूस विरळा, हे तो लगेच सांगून टाकतो.

म्हणजे पहिला रईस येऊन गेला. त्याने घालून दिलेले कायदे आहेत, रिवाज आहेत. आता त्याच्यामागे नगर कोणी चालवायचे? हा प्रश्न संस्थापकाचा नाही, वारसांचा आहे, म्हणूनच तो आपला आहे. संस्थापक शतकातून एखादा. बाकी सगळा काळ वारसांचाच.

या दुसऱ्या शासकासाठी फाराबी सहा अटी घालतो. पहिली, तो हकीम असावा, त्याच्यापाशी हिकमत असावी. दुसरी, आधीच्यांनी घालून दिलेले कायदे आणि रिवाज त्याला ठाऊक असावेत आणि ते त्याने जपावेत. तिसरी, ज्या बाबतीत पूर्वजांनी काही सांगून ठेवलेले नाही तिथे त्यांच्याच वाटेने जाऊन निर्णय काढण्याची, म्हणजे इस्तिंबातची, ताकद असावी. चौथी, जे प्रसंग पूर्वजांच्या स्वप्नातही नव्हते, अशा नव्या प्रसंगांत नगराचे हित ओळखणारी सूझबूझ असावी. पाचवी, हे सगळे लोकांना शब्दांनी पटवून देता यावे. सहावी, युद्धाचा भार सोसणारे शरीर आणि युद्धाची विद्या असावी.

तिसरी आणि चौथी अट वरवर सारखी वाटते. आम्हालाही बरेच दिवस वाटत होती. पण फाराबीने त्या मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. तिसऱ्या अटीतला माणूस जुन्या वहीतून नवे गणित सोडवतो. चौथ्यातला माणूस ओळखतो की हे गणित त्या वहीतले नाहीच. एकाच माणसात या दोन्ही गोष्टी क्वचित असतात, हे अनुभवाने कोणीही सांगेल. जुने जपणारा, जुन्यातून नवे काढणारा आणि नवे ओळखणारा असे तीन वेगळे मनुष्यस्वभाव त्याने तीन वेगळ्या खुर्च्यांवर बसवले.

आणि मग ती ओळ येते. हे सहाही गुण असलेला एक माणूस सापडला नाही तर? दोन सापडले, एक हकीम आणि दुसऱ्यात बाकीचे पाच गुण, तर ते दोघे शासक. आणि दोघांतही मावत नसतील, एकाजवळ हिकमत, दुसऱ्याजवळ दुसरा गुण, तिसऱ्याजवळ तिसरा, असे सहा गुण सहा जणांत विखुरलेले असतील आणि ते सहा जण एकमेकांशी जुळलेले असतील, तर ते सगळे मिळून त्या नगराचे उत्तम शासक होत.

मराठी वाचकाला इथे साहजिकच अष्टप्रधान आठवतील. पण अष्टप्रधानांच्या वर छत्रपती होते. कामे वाटलेली होती, राज्य वाटलेले नव्हते. फाराबीच्या सहांच्या वर कोणी नाही. ते सहा जण राजाचे सल्लागार नाहीत. सहा जण मिळून जे होते तोच राजा.

आता प्लेटोची खिडकी. प्लेटोनेही म्हटले आहे की उत्तम राज्यात सर्वश्रेष्ठ पुरुष एक असेल तर त्याला राजसत्ता म्हणावे, अनेक असतील तर श्रेष्ठांची सत्ता. मग फाराबीने नवे काय सांगितले? आमच्या मते सगळेच. प्लेटोचे अनेक म्हणजे एकाच साच्यातले अनेक. तीच तालीम, तेच गणित, पन्नाशीला तेच सत्यदर्शन. त्यांतला कोणीही एक एकटा राज्य करू शकला असता. फाराबीच्या सहांपैकी एकही एकटा राज्य करू शकत नाही. प्रत्येक जण अपुरा आहे, आणि अपुरा असणे हीच त्याची त्या मंडळात बसण्याची पात्रता आहे. इथे अंगरखा बदललेला नाही, अंगच बदलले आहे.

दुसरी आठवण आपल्या वाचकांना येणारच, तिच्याविषयी स्पष्ट बोललेले बरे. हजरत उमर (रजि.) यांनी हिजरी २३ मध्ये अखेरच्या दिवसांत सहा सहाब्यांची शूरा नेमली होती : हजरत उस्मान, हजरत अली, हजरत तल्हा, हजरत जुबैर, हजरत अब्दुर्रहमान बिन औफ आणि हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.). तिथेही सहा, इथेही सहा. म्हणून फाराबीने तिथूनच आकडा उचलला असे म्हणण्याचा मोह होतो. आम्ही तो आवरला. एक तर त्या शूराचे काम खलिफा निवडणे हे होते, राज्य करणे हे नव्हते. निवड झाली की तिचे काम संपले. दुसरे, फाराबी या पानावर तिचा उल्लेख करत नाही. तिसरे कारण आम्हाला सर्वांत वजनदार वाटते. आपल्या 'फुसूल' या दुसऱ्या पुस्तकात फाराबी हीच कल्पना पुन्हा मांडतो, तेव्हा कामे चार जणांत वाटतो : एक ध्येय सांगणारा, दुसरा ध्येयापर्यंतची वाट सांगणारा, तिसरा पटवून देणारा आणि मनात चित्र उभे करणारा, चौथा लढणारा. आकडा त्याच्यासाठी पवित्र नव्हता. गुण जितके, माणसे तितकी.

आता या पानावरच्या त्या एका शब्दाकडे वळू. सहा जण 'जुळलेले' असतील तर, असे वर लिहिले. रिचर्ड वाल्झर यांच्या १९८५ मध्ये आलेल्या इंग्रजी भाषांतरात त्याचा अर्थ 'एकमत असलेले' असा घेतला आहे. चूक म्हणता येणार नाही, पण त्याने शब्द पातळ होतो. एकमत म्हणजे सगळ्यांनी एकच म्हणणे. आणि सहा जण सहा वेगळ्या स्वभावांचे घ्यायचे नि सगळ्यांनी एकच म्हणायचे, तर मग सहा कशाला, एकच पुरे होता. मूळ अरबी शब्द 'मुतलाइमीन' आहे. उर्दू शिकवणाऱ्याला या शब्दाचे नातेवाईक सहज ओळखू येतात. 'मुलायम' हा याच मुळातून आलेला. मराठीतही तो इतका रुळला आहे की तो बाहेरचा आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. मूळ अर्थ अनुकूल, दुसऱ्याशी जमणारे. दुसरा नातेवाईक उर्दू शायरीच्या वाचकांना ठाऊक असेल : 'इल्तियाम', जखम भरून येणे, तिच्या दोन कडा एकमेकींना मिळणे.

जखमेच्या दोन कडा एकमत नसतात. त्या दोन बाजूंच्याच राहतात. फक्त त्यांच्यामधून रक्त वाहायचे थांबते. हा अर्थ मनात ठेवून ते पान पुन्हा वाचले, तेव्हा आमची एक जुनी अडचण सुटली. अडचण अशी की, नगर शरीर आहे आणि शासक हृदय आहे, तर सहा शासक म्हणजे एका शरीरात सहा हृदये झाली. ते कसे चालेल? समीक्षक म्हणून आमचे मत असे की ही उपमा इथे मोडतेच, आणि फाराबी तिला मोडू देतो. देहाचे एवढे सविस्तर प्रकरण लिहिणाऱ्या माणसाला हे दिसले नसेल हे संभवत नाही. पण उपमेसाठी त्याने सत्य वाकवले नाही. एकच हृदय असते तर बरे होते, ते नाही, मग तुकडे आहेत ते जोडून घ्या, असे तो म्हणतो. आणि जोडण्यासाठी त्याने जो शब्द वापरला तो पुन्हा देहाचाच आहे. मोडलेल्या उपमेवर त्याने त्याच उपमेतली पट्टी बांधली आहे.

आता तक्रारी. हे सहा जण शोधायचे कोणी? त्यांना नेमणार कोण? त्यांच्यात मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा? बसायचे कधी, उठायचे कधी? याविषयी फाराबी अवाक्षर काढत नाही. ज्याने तारांगणापासून नखापर्यंत सगळ्याचा क्रम लावला, त्याने सभेचा क्रम लावला नाही. हा मोठा दोष आहे, आणि त्याच्या प्रेमापोटी आम्ही तो झाकणार नाही.

हे किरकोळ वाटू शकते, पण सभेत बसलेल्या माणसाला ते किरकोळ वाटत नाही. पूर्वी आम्ही ज्या एका शाळेत होतो तिथे दर महिन्याला शिक्षकसभा होई. चहा येई, विषय वाचले जात, 'कोणाला काही सांगायचे आहे का' असे विचारले जाई. एकदा इतिवृत्ताची वही सही करायला आमच्यापुढे आली. त्यात सभेत काय ठरले ते सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. सभा सुरू व्हायला अजून दहा मिनिटे होती. आम्ही सही केली. मंडळ होते, सहापेक्षा जास्त माणसे होती, गुणही विखुरलेले होते, सगळे काही होते.

जे फाराबीने सोडले ते पुष्कळ पुढे थॉमस मोर या इंग्रजाने लिहिले. त्याचे 'युटोपिया' हे लॅटिन पुस्तक १५१६ चे. तेही कल्पित बेट, ५४ नगरे, प्रत्येक नगराला आपला एक अधिपती, आणि त्याच्याबरोबर वीस जणांचे मंडळ. मोर हा वकील, त्यामुळे त्याला सभेचे रोग ठाऊक होते. दर तिसऱ्या दिवशी मंडळ अधिपतीसह बसते. प्रत्येक बैठकीला लोकांनी निवडलेल्या खालच्या प्रतिनिधींपैकी दोघांना बोलावतात, दर वेळी वेगळे दोघे. कोणताही विषय ज्या दिवशी मांडला त्याच दिवशी त्यावर चर्चा करायची नाही. का? तर माणूस उठून पटकन काहीतरी बोलून जातो आणि मग सगळी बुद्धी आपण बोललो ते खरे करण्यात घालवतो. नगराचे नुकसान झाले तरी चालेल, आपला शब्द मागे घ्यायला लाजतो. सार्वजनिक प्रश्नांची खलबते सभेबाहेर केली तर थेट मृत्युदंड! शिक्षा भयंकर आहे, पण जे शाळेच्या किंवा ट्रस्टच्या कारभारात वावरले आहेत त्यांना ती वाचून क्षणभर बरे वाटेल.

तरी मोरचे वाचून फाराबीकडेच परतावेसे वाटते. मोरने सभा कशी चालवायची ते सांगितले. सभेत कोण बसलेले असावे हे फाराबीने सांगितले. आणि त्याने आणखी एक कठोर गोष्ट सांगून ठेवली आहे. सहा खुर्च्या आहेत, पण त्या सारख्या नाहीत. बाकीचे पाचही गुण हजर असोत; ज्या दिवशी हिकमत राज्यकारभारातून उठून जाते त्या दिवशी नगराला राजा उरत नाही. खुर्चीवर जो बसलेला दिसतो तो राजा नसतो. आणि हकीम शोधूनही मिळाला नाही, तर काही काळाने ते नगर लयाला जाते. हे तो योद्ध्याविषयी म्हणत नाही, वक्त्याविषयी म्हणत नाही, रिवाज जपणाऱ्याविषयीही म्हणत नाही. फक्त हकीमाविषयी.

इथे आम्हाला त्याच्याशी भांडावेसे वाटते. हकीम आवश्यक, कबूल. पण हकीम कोण हे ठरवणार कोण? प्रत्येक सभेत हिकमतीचे कंत्राट आपल्याकडेच आहे असे मानणारा एक जण असतोच, आणि बहुधा तोच सर्वांत आधी बोलायला उठतो. फाराबीच्या नगरात गोष्टच घडत नाही, त्यामुळे त्याचा हकीम बोलताना आपल्याला कधी दिसत नाही. तो पाहायला मिळाला तो तब्बल साडेनऊशे वर्षांनी, एका बंगाली मुस्लिम बाईने लिहिलेल्या गोष्टीत.

बेगम रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी गोष्ट १९०५ मध्ये मद्रासच्या 'द इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये आली. तीही कल्पित राज्याचीच : स्त्रियांचे राज्य, पुरुष जनान्यात. विनोदी गोष्ट म्हणून तिच्याकडे पाहतात आणि ती विनोदी आहेच. पण तिच्या मधोमध एक सभा आहे. शेजारच्या राजाने पळून आलेल्या आश्रितांना परत मागितले, राणीने नाही म्हटले, युद्ध पेटले. पुरुषांची फौज हरली. सोळा वर्षांची पोरेही रणात गेली. शत्रू चालून येतो आहे. राणी सगळ्या शहाण्या स्त्रियांना महालात बोलावते. कोणी म्हणते, सैनिकांसारखे लढू. कोणी म्हणते, तलवार धरायची सवय कोणाला आहे? राणी म्हणते, अंगात बळ नसेल तर मेंदूने करा. सभा गप्प. तेव्हा इतका वेळ मुकाट्याने विचार करत बसलेली एक बाई बोलते. ती दुसऱ्या विद्यापीठाची प्रमुख, म्हणजे शिक्षिका. तिच्या विद्यापीठातले सूर्याच्या उष्णतेवरचे संशोधन पुरुषांनी हसण्यावारी नेले होते. ती आश्वासन देत नाही. आशा थोडी आहे, हा पहिला आणि शेवटचा प्रयत्न, एवढेच सांगते. आणि मग आपल्या दोन हजार विद्यार्थिनी घेऊन स्वतः रणांगणावर जाते. एकवटलेला प्रकाश आणि उष्णता सोडली जाते, शत्रू पळतो.

फाराबीचे पान शेजारी उघडे ठेवून ही सभा वाचावी. सहावा गुण, युद्धाचे शरीर, संपला आहे. पाचवा, वाणी, गप्प आहे. पहिला गुण उरला आहे आणि तो सर्वांत शेवटी बोलतो. हकीम ओळखायची खूण रुकैया बेगमनी नकळत देऊन ठेवली असे आम्हाला वाटते : तो आधी ऐकतो, आणि जे सुचवतो त्याच्या जोखमीत पहिला आपण उभा राहतो. फाराबीने अटींत हे कुठे घातले नव्हते.

मात्र याच हकीम बाईंनी मोहिमेआधी एक अट घातली : सर्व पुरुषांनी जनान्यात जावे. थकलेले, जखमी पुरुष निमूट गेले, आणि परत बाहेर आलेच नाहीत. रुकैया बेगमनी पडद्याची चेष्टा उलट्या बाजूने केली, हे तर आहेच. पण त्या चेष्टेत दुसरीही एक धार आहे. हिकमतीच्या खुर्चीला एकदा संकटकाळी सर्वाधिकार दिले की ती अर्धे नगर कोंडून ठेवू शकते, आणि नगराला ते सोयीचेही वाटू लागते. म्हणून हकीमाच्या उजव्या-डाव्या हाताला बाकीचे पाच हवेत. फाराबीची 'मुतलाइमीन'ची अट त्याच्या हकीमालाही लागू आहे, हे त्याने ठासून सांगायला हवे होते.

आणखी एक गोष्ट. फाराबीच्या सहांत एखादी बाई असेल असे त्याच्या वाक्यांवरून वाटत नाही. पण जे देहाचे प्रकरण आम्ही पहिल्यांदा उलटून टाकले होते, त्यातच तो लिहून गेला आहे की संवेदना, कल्पना आणि बुद्धी या शक्तींत स्त्री आणि पुरुष यांच्यात फरक नाही. दहाव्या शतकात हे लिहिणारा माणूस त्याच पुस्तकात पुढे सहा खुर्च्या मांडतो आणि आपलेच वाक्य विसरतो. रुकैया बेगमनी ते पान वाचले होते असे मुळीच सुचवायचे नाही. त्यांनी १९११ मध्ये कलकत्त्याला मुलींची शाळा काढली, घरोघर फिरून मुली गोळा केल्या, आणि त्या शाळेत सुरुवातीला उर्दूतून शिकवत. एवढे आमच्यासारख्यांना पुरे आहे.

मग हे सहा जण येणार कुठून? 'सियासत-ए-मदनिया' या आपल्या दुसऱ्या पुस्तकात फाराबी एका सदोष नगराचे वर्णन करतो, जिथे प्रत्येक जण मोकळा आहे, हवे ते करतो, कोणी कोणाचा धनी नाही. त्याला ते नगर पसंत नाही, तिथे वाईटही भरपूर असते. पण तो मान्य करतो की हकीम, वक्ते, शायर अशी माणसे काळाच्या ओघात तिथेच निपजू शकतात. उत्तम नगराला लागणारे सुटे भाग त्या गजबजलेल्या नगरातून वेचता येतात. नापसंत गोष्टीबद्दल इतके खरे लिहिणारे लेखक थोडे.

सभेतल्या त्या वाक्याला म्हणूनच आता आमच्याकडून टाळी जात नाही. एक नेता हवा म्हणणारा वक्ता बारा गुणांची जाहिरात देऊन बसला आहे. अर्ज येत नाहीत म्हणून जागा रिकामी, आणि जागा रिकामी म्हणून काम बंद. दरम्यान गावागावांत एखाद्याजवळ हिशेब आहे, एखादीजवळ जुनी कागदपत्रे आणि रिवाज यांची माहिती आहे, एखादा नवा सरकारी आदेश वाचून त्याचा अर्थ लावू शकतो, एखादा चार लोकांना समजावू शकतो. ते एका खोलीत बसत नाहीत, आणि बसले तर इतिवृत्त आधीच लिहिलेले असते.

या लेखासाठी आम्ही ते पान मराठीत उतरवायला बसलो. पाच-सहा ओळी आहेत, तासाभरात होतील असे वाटले होते. 'मुतलाइमीन'पाशी गाडी अडली. 'एकमत' लिहिले, खोडले. 'एकदिल' लिहिले, छान वाटले, पण सहांचे दिल एक झाले तर पुन्हा पहिल्या रईसावरच येऊन पोहोचतो, म्हणून तेही खोडले. 'सांधलेले' चांगला आहे, पण त्यात सांधणारा दुसरा कोणी लागतो आणि फाराबीच्या नगरात तो नाही. सध्या 'जुळलेले' ठेवले आहे. शाळेतल्या एका मराठीच्या सहकाऱ्यांना विचारले, तेव्हा त्यांनी 'मिळून आलेले' असे सुचवले. आमटी मिळून येते तसे, डाळ वेगळी नि पाणी वेगळे राहत नाही. त्यावर अजून विचार चालू आहे.